गच्चीवरचं बॉनेट

मार्चच्या शेवटी मी आयुष्यातली पहिली गाडी घेतली. नवी नव्हे, पाच वर्षं वापरलेली, छोटी, गडद लाल रंगाची. मी बोदवडच्या शाळेत विज्ञान शिकवते आणि राहते जळगावात. इतकी वर्षं रेल्वेच्या वेळापत्रकावर माझा स्वयंपाक, अंघोळ आणि झोप चालली. पन्नाशी जवळ आल्यावर मी गाडी चालवायला शिकले आणि परीक्षेत पास झालेल्या मुलीच्या आनंदाने ती लाल गाडी घरासमोर आणून उभी केली.

गाडी विकणाऱ्याने किल्ली देताना हातात एक रंगीत पत्रक ठेवलं होतं. "मॅडम, जळगावचं ऊन म्हणजे काही साधं नाही. रंगावर संरक्षक कोटिंग करूनच घ्या. उद्याच आणा." पत्रकात सिरॅमिक, पॉलिमर, वॅक्स असे शब्द होते आणि आरशासारख्या चमकणाऱ्या गाड्यांचे फोटो. मला त्यातलं काही कळलं नाही. मी ते पत्रक आबांसमोर ठेवलं.

आबा म्हणजे माझे वडील. धुळ्यात महामार्गालगतच्या एका गॅरेजात त्यांनी जन्मभर गाड्या रंगवल्या. ट्रक, जीप, लग्नाच्या सीझनआधी नव्या करून घ्यायच्या मोटारी, सगळं. त्यांच्या हातात स्प्रे गन असली की शेजारच्या दुकानातले लोकही बघत उभे राहायचे, असं आई सांगायची. तीन वर्षांपूर्वी त्यांचा उजवा हात थरथरायला लागला. एका पांढऱ्या गाडीच्या दरवाज्यावर रंगाचे ओघळ आले. घासून पुन्हा मारला, पुन्हा ओघळ. तिसऱ्यांदा त्यांनी गन हुकाला अडकवली, हातपाय धुतले आणि घरी चालत आले. गॅरेजात परत गेले नाहीत. त्या गल्लीतूनही जाणं सोडलं. आई गेल्यावर मी त्यांना जळगावला घेऊन आले. माझे यजमान नोकरीसाठी गुजरातेत असतात, महिन्या-दीड महिन्याने येतात. त्यामुळे घरात आम्ही दोघंच. मी शाळेतून येईपर्यंत आबा गॅलरीत बसून असायचे, तोच पेपर दोनदा वाचायचे आणि हात थरथरायला लागला की तो मांडीखाली दाबून ठेवायचे.

त्यांनी पत्रक वाचलं नाही. चष्मा पुसला आणि म्हणाले, "गाडी दाखाड."

तीन दिवस गाडी दारात उभी होती आणि ते अजून खाली उतरले नव्हते. आता उतरले. आधी लांब उभे राहून त्यांनी गाडी कडेने पाहिली, डोकं थोडं तिरकं करून, उजेड तिच्यावरून घसरेल असं. मग डाव्या हाताचं बोट बॉनेटवरून फिरवलं. पुढच्या दरवाज्यावरून फिरवलं. मागच्या दरवाज्यावरून फिरवलं. परत पुढच्या दरवाज्याशी आले.

"हाऊ दरवाजा नवा रंगाडेल शे," ते म्हणाले. "बॉनेटबी."

"आबा, तो म्हणाला की गाडीला कुठे खरचटलेलंसुद्धा नाही."

"कोनी सांगं? विकनाऱ्यानी?" ते पहिल्यांदाच हसले. "इकडे ये. मन्ही जागावर उभी राय. उजेड देख."

मी त्यांच्या जागेवर उभी राहिले. आधी काही दिसेना. मग दिसलं. मागच्या दरवाज्यावर समोरच्या घराच्या कुंपणाची रेघ सरळ पडली होती. पुढच्या दरवाज्यावर तीच रेघ थरथरत होती, आणि तिथला पृष्ठभाग बारीक खडबडीत होता, संत्र्याच्या सालीसारखा. माझं तोंड पडलं. फसवल्यासारखं वाटलं आणि इतक्या लोकांना पेढे वाटल्याची लाजही वाटली.

"तोंड नको पाडू, माय," आबा म्हणाले. आमच्याकडे बाप लेकीला लाडाने माय म्हणतो. "पत्रा सरळ शे. ठोकेल नही. खरचटेल व्हई, रंग मारी दिधा. काम वाईट नही, घाई करेल शे. पन आते तीन महिना त्याले काहीच लावू नको. ना मेन, ना कोटिंग. वरतून सुकेल दिखस, मझारतून ओला शे. त्याले श्वास घेऊ दे."

नवा रंग आतून पूर्ण वाळायला वेळ लागतो. त्यातलं पातळ द्रव्य हळूहळू उडून जातं, आणि त्याआधीच वर थर चढवला तर ते आत कोंडतं, रंगाला फोड येतात. हे मी विज्ञानाची शिक्षिका असून मला माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी पत्रकावरच्या कोटिंगवाल्याला फोन करून सांगितलं की मी येत नाही. गाडीचे दोन भाग नुकतेच रंगवलेत म्हटल्यावर तो म्हणाला, "त्याने काही होत नाही." मी फोन ठेवला.

पण तीन महिन्यांनंतर काय लावायचं, हा प्रश्न राहिलाच. आणि त्या प्रश्नाने आमच्या घरात वाद सुरू झाला. मला त्याचं फार बरं वाटलं, कारण तोवर आमच्यात वाद घालण्यासारखं काही उरलं नव्हतं. भाजीत मीठ जास्त झालं तरी आबा बोलायचे नाहीत.

आबांचं मत ठाम होतं. मेण. खरं, झाडापासून येणारं, डबीतलं घट्ट मेण. त्यांनी जन्मभर तेच वापरलं होतं. रंगाला खोली येते, लाल रंग तर दुधात केशर सोडल्यासारखा उमलतो, असं ते सांगायचे. मी नेटवर वाचून पॉलिमरच्या बाजूची झाले होते. ते कारखान्यात तयार झालेलं असतं, रंगाला घट्ट धरून राहतं आणि उन्हात मेणापेक्षा जास्त टिकतं, असं लिहिलेलं होतं. सिरॅमिक आम्ही दोघांनी मिळून बाद केलं. ते लावण्याआधी यंत्राने रंग घासावा लागतो, आणि आधीच घाईत मारलेल्या पातळ थरावर यंत्र फिरवायला आबा तयार नव्हते.

"पॉलिमर म्हंजे सिलिकॉन," आबा म्हणायचे. सिलिकॉनवर त्यांचा जुना राग होता. सिलिकॉनचं पॉलिश लावलेली गाडी पुन्हा रंगवायला आली की नवा रंग फाटतो, त्यात माशाच्या डोळ्यांसारखे खड्डे पडतात. गॅरेजात तसल्या बाटल्या ते आतही येऊ द्यायचे नाहीत. मी बिनसिलिकॉनचं पॉलिमर शोधून काढलं आणि बाटलीवरचा मजकूर त्यांना वाचून दाखवला. त्यांनी ऐकून घेतलं. पटलं नाही.

शाळेत मी हा वाद सांगितला तेव्हा आमच्या सावद्याच्या बाई म्हणाल्या, "तुम्ही ऊन धरून बसलात. आमच्याकडे गाडीचा खरा वैरी म्हणजे केळीचा चीक. बागेत गाडी नेली आणि घडाचा चीक पडला की गेला रंग." त्यांच्या घरची केळीची बाग आहे. त्यांच्या यजमानांच्या पांढऱ्या गाडीवर तसे तपकिरी ठिपके मी पाहिले होते. सुट्टीत मी नेहमी त्यांच्याकडे जाते, म्हणजे हा प्रश्न माझाही होता.

तेव्हा मी वर्गात मुलांना जे सांगते तेच घरी सांगितलं. "आबा, भांडण नको. प्रयोग करू."

"कसावर? गाडीवर?"

"जुन्या बॉनेटवर. तुमच्या गॅरेजात पडलेली असतील ना?"

त्यांचा हात मांडीखाली गेला. मी विषय सोडून दिला. दोन दिवसांनी, रविवारी सकाळी, चहा पिताना ते आपणहून म्हणाले, "चाल. जाऊ."

जळगावहून धुळ्यापर्यंत इतका लांब मी प्रथमच गाडी चालवत होते. पारोळ्याजवळ चहाला थांबलो तेव्हा आबांनी नवा सदरा झटकून नीट केला. धुळ्यात गॅरेजच्या गल्लीशी मी गाडी थांबवली तर म्हणाले, "तू जाय. बॉनेट ली ये. मी आठेच बसस."

मी एकटीच आत गेले. गॅरेजचे मालक म्हणजे आबांचे जुने जोडीदार. मी त्यांना लहानपणापासून नाना म्हणते. त्यांनी मला ओळखलं, माझ्या खांद्यावरून बाहेर पाहिलं, आणि मी काय मागायला आले तेही न ऐकता तरातरा रस्त्यावर गेले. गाडीचं दार उघडलं.

"तीन वर्षं," नाना म्हणाले. "तीन वर्षं मी तुमच्या हुकाला दुसऱ्या कोणाची गन लावू दिली नाही. आणि तुम्ही गल्लीच्या तोंडाशी बसून राहता?"

नानांनी आबांचा हात धरला, तोच थरथरणारा, आणि सोडला नाही. तसाच धरून आत नेलं. आत काम करणारे दोघंतिघं उठून उभे राहिले. एकजण आबांच्या पाया पडला. त्याला रंग कालवायला आबांनीच शिकवलं होतं. आबांनी कोपऱ्यातल्या, रंगाआधीचा राखाडी थर मारलेल्या एका गाडीकडे पाहिलं, जवळ गेले आणि वाकून म्हणाले, "प्रायमर जाड झालाय." तो माणूस हसला. "तुम्ही गेल्यापासून हे कोणी सांगतच नाही, आबा."

आम्ही तिथे चार तास होतो. जेवूनच निघालो. बॉनेट नानांनी निवडून दिलं, काळ्या रंगाचं, एका बाजूला चेपलेलं, पण बाकी रंग शाबूत. मागची सीट पाडून, दोन गोधड्यांत गुंडाळून आम्ही ते जळगावला आणलं आणि शेजाऱ्यांच्या मदतीने गच्चीवर चढवलं.

त्यावर चिकटपट्टीने आम्ही तीन पट्टे आखले. डावा कोरा. मधला मेणाचा. उजवा पॉलिमरचा. मी फडकं घेऊन मेण लावायला बसले तर आबांनी दोन मिनिटं पाहिलं आणि फडकं माझ्या हातातून काढून घेतलं. "रगडू नको. हलकं. गोल गोल." ते लावू लागले. हात थरथरत होता, पण मेण लावताना हात फिरवायचाच असतो. गन सरळ रेषेत धरावी लागते, बोटभर इकडेतिकडे चालत नाही. फडक्याला तसलं काही लागत नाही. मला ते दिसलं. त्यांनाही दिसलं असावं, कारण मधला पट्टा झाल्यावर त्यांनी फडकं परत दिलं नाही. पॉलिमरचा पट्टाही त्यांनीच लावला, तोंड वाकडं करून.

पहिले पंधरा दिवस मेण जिंकत होतं. मधला पट्टा असा काही खोल काळा दिसायचा की त्यात डोकावून पाहावंसं वाटायचं. पॉलिमरचा पट्टा चमकायचा, पण कोरडा, काचेसारखा. आबा रोज सकाळी ऊन चढायच्या आत गच्चीवर जायचे, प्रत्येक पट्ट्यावर बोअरचं पाणी तांब्याने ओतायचे आणि माझ्या एका जुन्या वहीत लिहायचे. "मधे थेंब गोल. उजवीकडे थेंब गोल. डावीकडे पसरट." थेंब गोल म्हणजे थर शाबूत. अक्षर वेडंवाकडं, पण रोजचं. मी कामावरून आले की वही वाचायचे. जेवताना ते मला छेडायचे, "काय मास्तरीन, तुन्हं पॉलिमर काय म्हनस?"

मग मे महिना आला. जळगावचा मे. गच्चीवर दुपारी अनवाणी पाऊल ठेवता येत नाही, आणि काळा पत्रा तर तव्यासारखा तापायचा. एके दिवशी वहीत लिहिलेलं होतं, "मधे धूळ चिकटस." उन्हात मेण मऊ पडत होतं आणि वाऱ्याने उडणारी काळ्या मातीची धूळ त्यात बसत होती. आणखी दहा दिवसांनी, "मधे थेंब पसरट." खाली काहीच लिहिलेलं नव्हतं.

त्या संध्याकाळी मी त्यांना चिडवलं नाही.

जूनच्या सुरुवातीला सावद्याच्या बाईंनी ओल्या पोत्यात गुंडाळून केळीच्या खांबाचा ताजा तुकडा आणला. बाई, आबा आणि मी, तिघंही गच्चीवर गेलो. आबांनी कोयत्याने तो कापला आणि पाण्यासारखा दिसणारा चीक प्रत्येक पट्ट्यावर थेंब थेंब टाकला. दोन दिवस तसाच राहू दिला. तिसऱ्या दिवशी साबणाच्या पाण्याने धुतला. कोऱ्या पट्ट्यावर गडद तपकिरी डाग पक्के बसले होते. मेणाच्या पट्ट्यावर तसेच, किंचित फिके. पॉलिमरच्या पट्ट्यावरचे बरेचसे निघाले. दुसऱ्यांदा पुसल्यावर आणखी निघाले. अगदीच काही राहिलं नाही असं नाही. तिरकं पाहिलं तर डागाची पुसट कड दिसत होती. पण बाईंनी ती कड पाहिली आणि म्हणाल्या, "आमच्या गाडीवर एवढंच राहिलं असतं तर मी नारळ फोडला असता."

आबा खाली बसून त्या पट्ट्याकडे बघत राहिले. मला धाकधूक होती. कामातली चूक त्यांनी एकदा पाहिली होती आणि त्यानंतर तीन वर्षं ते गॅरेजात गेले नव्हते. मी म्हणाले, "आबा, इथलं ऊनच तसं आहे. मेण वाईट नाही."

"मन्हं चुकनं," ते म्हणाले. साधेपणाने, जसं कोणी पाऊस थांबला म्हणतं. मग खिशातून फोन काढून त्यांनी नानांना लावला. "नाना, माझं मेण हरलं. पोरीचं पॉलिमर जिंकलं. हो, उन्हात. चिकातही." पलीकडून नाना काहीतरी बोलले आणि आबा इतके हसले की त्यांना खोकला आला. नानांशी, गॅरेजात, ते नेहमी शहरी मराठीत बोलतात. अहिराणी घरासाठी.

तीन महिने पुरे झाले त्या आठवड्यात पावसाने उघडीप दिली होती. आम्ही सकाळी गाडी सावलीत घेतली. आबांनी दोन बादल्या मागितल्या, एक साबणाची आणि एक फडकं खळबळायची, म्हणजे धुतलेली धूळ परत रंगावर जात नाही. धुऊन झाल्यावर त्यांनी पुढच्या दरवाज्यावर नाक टेकवून वास घेतला. नव्या रंगाचा वास पूर्ण गेलाय की नाही, हे ते असं ओळखतात. "सुकना," म्हणाले. मग पॉलिमर. छतापासून सुरुवात, खाली खाली येत, एका वेळी हातभर जागा. मी लावत होते, ते कोरड्या फडक्याने पुसत येत होते. मध्येच आम्ही जागा बदलल्या. दुपारी वरण-भात खाल्ला आणि पुन्हा लागलो. शेवटी आबांनी पाण्याचा तांब्या बॉनेटवर ओतला. थेंब मोत्यांसारखे गोळा होऊन घरंगळत गेले.

"देख, पानी कसं पयी राह्यनं!" ते ओरडले. समोरच्या घरातल्या ताई बाहेर आल्या आणि त्यांनीही एक तांब्या ओतून पाहिला.

मेणाची डबी मात्र त्यांनी टाकून दिली नाही. पॉलिमरवर मेण चालतं, हे त्यांनी नानांना विचारून घेतलं होतं. दिवाळीला चार दिवस वरून एक हात मारायचा, शोभेसाठी, असं ठरलं. मीही कबूल केलं, कारण तो उमलणारा लाल रंग मला गच्चीवरच्या काळ्या पत्र्यावर कधी दिसलाच नव्हता आणि मला तो बघायचा होता.

त्यानंतर नानांचा फोन आला. त्यांच्याकडे आता लोक कोटिंगसाठीही गाड्या आणायला लागले होते. पण कुठल्या गाडीचा कुठला भाग पुन्हा रंगवलेला आहे, हे नव्या कामगारांना ओळखता येत नाही, आणि मग आठवड्यातच तक्रार येते. "हात नको तुमचा," नाना म्हणाले, "डोळे हवेत. पंधरवड्यातून एक रविवार या."

आबांनी फोन माझ्याकडे दिला, जणू मीच उत्तर द्यायचं होतं. मी म्हणाले, "येतील. मी सोडते."

पहिल्याच रविवारी त्यांनी एका गृहस्थांच्या जवळजवळ नव्या गाडीभोवती फेरी मारली आणि सांगितलं की मागचा भाग महिन्याभरापूर्वीच रंगवलेला आहे, अजून दोन महिने थांबा. गृहस्थ भडकले. शोरूममधून घेतलेली गाडी आहे, म्हणाले आणि न थांबता निघून गेले. नानांचा चेहरा उतरला. पुढच्या खेपेला ते गृहस्थ गॅरेजात आमची वाट बघत बसलेले होते. घरी जाऊन त्यांनी चौकशी केली होती. मुलाने गाडी कुठेतरी घासली होती आणि न सांगता रंगवून आणली होती. त्यांनी आबांना नमस्कार केला आणि सोबत भावाची गाडी दाखवायला आणली होती.

त्या संध्याकाळी धुळ्याहून परतताना आबा बराच वेळ समोरच्या ट्रकच्या मागच्या फळीकडे बघत होते. मग म्हणाले, "माय, बुधवारी सुट्टी काढ."

"का? काय झालं?"

"चष्माना नंबर तपासना शे. बारीक रेघा आते नीट दिखत नहीत. कामाले जमाव नही असं."